अमेरिकी शेतकऱ्याचे 'घरबसल्या' अनुदान: डोंगराळ अ‍ॅश काउंटीतून एक प्रतिवाद

'अमेरिकेत सरकार शेती न करण्याचे पैसे देते. जमीन पडीक ठेवा, घरबसल्या डॉलर घ्या, बाकी सारे वॉशिंग्टनचे अधिकारी ठरवतात,' अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. आपल्याकडच्या अनुदानांच्या वादात तो पुरावा म्हणून पुढे केला जातो, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे. त्यासाठी नॉर्थ कॅरोलायनाच्या वायव्य कोपऱ्यातील अ‍ॅश काउंटीकडे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) पाहू. तिथे न्यू नदीच्या खोऱ्यात गुरांची कुरणे आहेत आणि उतारांवर नाताळसाठीच्या फ्रेझर फर या सूचिपर्णी झाडांच्या बागा आहेत.

पडीक जमिनीचा दावा अर्धाच खरा आहे. १९८५ च्या शेती कायद्याने धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे पिकाखालून काढण्याबद्दल वार्षिक भाडे देऊ केले, हे खरे. पण तिथे गवत किंवा झाडे लावणे आणि ती राखणे करारानेच बंधनकारक असते. शिवाय असे करार मुख्यतः सपाट मैदानी प्रदेशांत आहेत.

डोंगरात पैसा मिळतो तो कामासाठी. गुरे पाणी प्यायला ओढ्यात उतरली की काठ ढासळतात आणि शेण व गाळ थेट नदीत जातो. म्हणून ओढ्याला कुंपण घालायचे, वरच्या झऱ्याचे पाणी उताराच्या जोरावर नळाने हौदात आणायचे आणि गुरांना तिथे पाजायचे, अशा कामांना मदत मिळते. राज्याची खर्चवाटणी योजना साधारणपणे ७५ टक्के भार उचलते, उरलेला शेतकऱ्याने पैशाने किंवा श्रमाने सोसायचा असतो. काम ठरलेल्या मापाने झाल्याची तपासणी होते आणि सहसा त्यानंतरच रक्कम हाती येते. ठिबकचा संच आधी बसवून अनुदानाची वाट पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. याला घरबसल्या मिळालेला पैसा म्हणणे त्या कष्टावर अन्याय करणारे आहे.

सारे वॉशिंग्टन ठरवते, हेही चूक आहे. निधी आणि नियम वरून येतात, परंतु संघीय शेती कार्यालयाच्या काउंटी समितीवर शेतकऱ्यांनीच निवडलेले शेतकरी बसतात. मृद्संधारणाचे स्थानिक 'जिल्हे', म्हणजे माती जपण्याचे काम पाहणाऱ्या स्थानिक संस्था, याही १९३७ पासूनच्या आहेत, आणि त्यांतला पहिला जिल्हा याच राज्यात, ह्यू बेनेट यांच्या जन्मकाउंटीत, स्थापन झाला. मातीच्या धुपेविरुद्ध देशभर चळवळ उभी करणारे ते हेच बेनेट.

या मजकुराच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: पिकांसाठीच्या संघीय अनुदानाचा मोठा वाटा मका, सोयाबीन, कापूस पिकवणाऱ्या मोठ्या जमीनधारकांकडे जातो. पण ही तक्रार त्या अनुदानाविरुद्ध करावी, डोंगरातल्या कामांच्या मदतीविरुद्ध नव्हे. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळाने याच पर्वतरांगेत कुंपणे वाहून नेली आणि शेतांत दगडगोटे पसरवले, तेव्हा आपत्कालीन संधारण योजनेतही मदतीची मर्यादा सर्वसाधारणपणे खर्चाच्या ७५ टक्के एवढीच होती.