बाबा, ते बटण चालूच राहू द्या

गेल्या रविवारी बाबांसोबत काटोलला, आमच्या संत्र्याच्या बागेत निघाले होते. त्यांनी गाडी सुरू केली, पट्टा लावला आणि घसरत्या गाडीचं चित्र असलेलं बटण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागेपर्यंत दाबून धरलं. हे काय करता, म्हणून विचारलं.

"अगं, ते बंदच ठेवावं लागते. ग्रुपवर सगळे सांगून राहिले ना."

मग मेसेज दाखवला. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर गरगरू न देणारी यंत्रणा) आणि ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, गाडी घसरून आडवी होऊ न देणारी यंत्रणा) एकच, कंपन्या दोन नावांनी पैसे घेतात. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलं की पुरे. पावसाळ्यात आणि हायवेवर बटण बंद ठेवा, कारण गाडी स्वतःच एका चाकाला ब्रेक मारते आणि पलटते. बंद ठेवल्यानं ॲव्हरेज वाढतं. दिवा लुकलुकला की बिघाड समजा आणि फ्यूज काढून टाका. शेवटी हात जोडलेले आणि 'सर्वांना पाठवा'.

बाबा सत्तरीला आलेत आणि दर आठवड्याला हा रस्ता करतात. म्हणून मला राग आला.

आधी हायवेचं घेते, कारण माणूस मरेल तो याच मुद्द्यानं. आपल्याकडे अंधार पडला की रोही, म्हणजे नीलगायी, रस्त्यावर येतात. समजा गाडी ८०च्या वेगात आहे, म्हणजे सेकंदाला २२ मीटर जाते आहे, आणि समोर रोही आला. कुणीही आधी स्टिअरिंग एकीकडे ओढतो आणि लगेच उलटं फिरवतो. या दुसऱ्या झटक्यात गाडीचं मागचं अंग बाहेर फेकलं जातं. ओला रस्ता असेल तर गाडी आडवी होते, मग नाली, झाड किंवा समोरून येणारा ट्रक.

ईएससी याच क्षणासाठी आहे. स्टिअरिंग किती वळवलं हे एक सेन्सर सांगतो आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरते आहे हे दुसरा सांगतो. दोन्ही जुळेनात की ईएससी कामाला लागतं. मागचं अंग बाहेर जात असेल तर मुख्यतः वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावतं, त्यानं गाडीचं फिरणं आवरतं. उलट, स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जात असेल तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावून तिला आत ओढतं. गरज पडली तर इंजिनची ताकदही कमी करतं. तुमच्या-माझ्या पायाखाली ब्रेकचं एकच पेडल आहे, एकट्या चाकाला ब्रेक लावणं आपल्याला जमूच शकत नाही. मेसेजवाला ज्या एका चाकाच्या ब्रेकला भीतो आहे, तोच ब्रेक गाडीला सरळ ठेवतो.

अमेरिकेच्या सरकारी रस्ता सुरक्षा यंत्रणेनं, एनएचटीएसएनं, २००७ साली ईएससी सक्तीचा नियम काढला तेव्हाचे आकडे बघा. ईएससीमुळे एकट्या गाडीचे अपघात साध्या कारमध्ये ३४ टक्के आणि एसयूव्हीमध्ये ५९ टक्के कमी होतात, असा त्यांचा अंदाज होता. गाडी पलटण्याचे अपघात तर कारमध्ये ७१ आणि एसयूव्हीमध्ये ८४ टक्क्यांनी. 'गाडी पलटते' म्हणणाऱ्यानं कुठल्या गाड्या मोजल्या?

त्या रोह्याच्या प्रसंगात ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं? जवळपास काहीच नाही. तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघालेला असतो आणि चाकं जागेवर गरगरत नसतात. ट्रॅक्शन कंट्रोलचं काम गाडीला वेग देताना चाक फिरून वाया जाऊ लागलं तर, जसं ओल्या चढावर. फिरणाऱ्या चाकाला ते ब्रेक लावतं किंवा इंजिनची ताकद कमी करतं. गाडी आडवी होते आहे का, हे बघणं त्याचं काम नाही. मग दोन्ही एकच कशी?

हो, बटण बहुतेक गाड्यांत एकच असतं. चाकांचे सेन्सर आणि ब्रेकचं युनिटही तेच. ईएससी असलेल्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल साधारणपणे आलंच. पण नुसतं ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत ईएससी असेलच असं नाही. गाडी घेताना शोरूममध्ये हे स्पष्ट विचारा. २०२३ साली सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी लागतंच.

एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. ॲव्हरेजचा मुद्दा निव्वळ थाप आहे.

फ्यूजचं मात्र ऐकूच नका. एबीएस आणि ईएससी एकाच मॉड्यूलमध्ये असतात. वीज तोडली की दोन्ही जातात आणि भर पावसात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. चालताना दिवा लुकलुकला तर ती यंत्रणा त्या क्षणी काम करते आहे, वेग कमी करा. दिवा सतत लागून राहिला तर एकतर कुणी बटण बंद केलंय, नाहीतर बिघाड आहे. बिघाड असेल तर दुरुस्त करून घ्या.

दुसऱ्या टोकाचं बोलणारेही भेटतात, ईएससी आहे तर कसंही वळवा. तेही चूक. वेग दुप्पट झाला तर त्याच वळणावर टायरला चौपट पकड लागते, आणि गोटा झालेल्या टायरमध्ये ती पकड कुठलंच सॉफ्टवेअर आणू शकत नाही.

बाबांचा विश्वास बसला त्यालाही कारण आहे. जुलैमध्ये बागेच्या पांदण रस्त्यावर काळ्या मातीत गाडी फसली होती. गडी म्हणाला बटण दाबा, दाबलं, आणि गाडी निघाली. हे मी मान्य करते. चिखलात चाकाला थोडं गरगरून माती झटकावी लागते, आणि ट्रॅक्शन कंट्रोल नेमकी तेव्हाच ताकद तोडतं. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही फसल्यावर ते बंद करा असं लिहिलेलं असतं. पण ते फसलेल्या गाडीसाठी आहे, काटोल रोडवर ८०नं धावणाऱ्या गाडीसाठी नाही. म्हणूनच गाडी बंद करून परत सुरू केली की ईएससी आपोआप चालू होतं, आणि बाबांना ते दर वेळी नव्यानं बंद करावं लागत होतं.

बागेतून परतताना पांदणीत त्यांनी बटण दाबलं, मी काही बोलले नाही. डांबरी रस्ता लागला तेव्हा थांबायला सांगितलं. त्यांनी बटण परत दाबलं, पिवळा दिवा विझला का ते वाकून पाहिलं आणि मग गिअर टाकला.