गावाबाहेर गेलेली बेकारी

मी कतारमध्ये, दोह्याला राहते. जागतिक बँकेच्या आकडेवारीत या देशातली बेकारी कित्येक वर्षं ०.१ टक्क्याच्या आसपास आहे. जगात सर्वांत कमी. आकडा खरा आहे, पण तो एवढा खाली कसा राहतो हे माझ्या टेबलावरून दिसतं. एका बांधकाम कंत्राटदाराकडे मी पगारपत्रकं करते. काम संपत आलं की नावांची यादी येते. प्रत्येकाचा हिशेब पुरा करायचा, उरलेल्या रजेचे पैसे धरायचे, परतीचं तिकीट लावायचं आणि राहण्याचा परवाना रद्द करायला पाठवायचा. इथं परवाना नोकरीला बांधलेला असतो. मुदतीत दुसरा मालक मिळाला तर ठीक, नाहीतर विमानतळ. नोकरी बदलताना जुन्या मालकाचं ना हरकत पत्र लागायचं, ती अट २०२० मध्ये गेली आणि पुष्कळांची सोय झाली. तरीही काम नसलेला माणूस इथं फार दिवस राहू शकत नाही. तो बिहारात, केरळात, नेपाळात नाहीतर आमच्या गुहागर-चिपळुणात जाऊन बेकार होतो. कतारच्या आकड्याला त्याचा धक्का लागत नाही.

गावी बेकारीवरून वाद पेटतो तेव्हा मला हेच आठवतं. एकजण म्हणतो, सरकारी श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ साली बेकारी फक्त ३.२ टक्के निघाली, आणखी काय हवं? दुसरा म्हणतो, एप्रिल २०२५ चा महिन्याचा आकडा ५.१ आहे, म्हणजे परिस्थिती बिघडली. दोघंही वेगवेगळ्या मापांनी मोजतायत. ३.२ हा वर्षभराच्या हिशेबाचा आकडा आहे. माणूस वर्षातला बराच काळ रिकामा असला, पण मध्ये कधीतरी मिळून ३० दिवस काम केलं असलं, तरी तो रोजगारात धरला जातो. ५.१ हा आठवड्याच्या हिशेबाचा. त्यात मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलेलं असलं तरी पुरतं.

हे कुणा एका सरकारचं कारस्थान नाही. एका तासाची व्याख्या आंतरराष्ट्रीय आहे, बहुतेक देश तीच वापरतात. आणि याच सर्वेक्षणाने २०१७-१८ साली बेकारी ६ टक्क्यांच्या आसपास दाखवली होती. तो अहवाल निवडणूक उरकेपर्यंत अडवून ठेवला, मे २०१९ मध्ये बाहेर आला. म्हणून ‘आकडे खोटे आहेत’ असं मी म्हणणार नाही. जे मोजायला घेतलंय ते बऱ्यापैकी मोजलं जातं. कोकणात प्रश्न वेगळा आहे.

माझ्या मावसभावाचंच बघा. आयटीआयला फिटर झालाय. मार्च ते मे हापूसच्या बागेत असतो, झेला घेऊन आंबा काढायचा, पेट्या भरायच्या, रात्री टेम्पोत चढवायच्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा वडलांबरोबर जाळी शिवत बसतो. ऑगस्टनंतर घरच्याच होडीवर. होडीवर त्याला पगार नाही, मासळी विकून येईल ते घरात. हिवाळ्यात कुणाचं चिऱ्याचं बांधकाम निघालं तर गवंड्याच्या हाताखाली. तपासनीस दारात आला तर मावशी सांगणार, ‘होय तर, आमचा झिल बोटीवर असतो.’ झाला रोजगारात. देशात २०२३-२४ साली काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात होते, आणि दर पाचातला जवळजवळ एक घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. भावाच्या हातात वर्षाकाठी किती रोख पडते, फिटरचं शिक्षण कुठं गेलं, हे बेकारीच्या दरात कुठंच नाही. तो आळशी नाही. त्याला दुसरं काही मिळालेलं नाही.

इथं आमचे काका मला अडवतात. त्यांची चारशे कलमांची बाग आहे. ‘कामं पडलीत गो, पोरांना नको आहेत. नाहीतर बागेत राखणीला नेपाळी कशाला ठेवले असते आम्ही? मिरकरवाड्याला बोटीवर बघ, खलाशी कोण आहेत?’ हा मुद्दा मी बाजूला सारत नाही, कारण समोर दिसतं ते ते खरंच सांगतात. पण राखणदार मोहोरापासून शेवटच्या पेटीपर्यंत बागेतल्या खोपीत राहतो आणि हंगाम संपला की उठतो. त्याचा संसार नेपाळात चालतो, तिथल्या किमतींत. गावातल्या पोराला बारा महिने इथंच राहायचंय. आईचं औषध, मुलांची फी, लग्नकार्य, सगळं इथल्याच किमतींत. दोह्यात माझे गाववाले सहा-सहा जण एका खोलीत राहून जे काम करतात, ते त्याच पगारात घरी बायकोमुलांसह राहून करतील का? नाही करणार. त्या पगारात एकटा जीव भागतो, कुटुंब नाही. काकांना हे बोलले तेव्हा त्यांनी विषय बदलला, पण मला वाटतं त्यांना ते पटलंय. त्यांचे स्वतःचे दोन्ही मुलगे बागेत नाहीत, एक डोंबिवलीला आहे नि दुसरा मस्कतला.

आणि त्या दोन मुलांपाशीच मुख्य गोष्ट आहे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ साली १६,१५,०६९. देश वाढत असताना आमचा जिल्हा ऐंशी हजारांनी आटला. सिंधुदुर्गही घटला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. या बायका जास्त जन्मल्या नाहीत, पुरुष निघून गेले. मुंबईच्या गिरण्या होत्या तेव्हापासून हे चालू आहे. ज्याला गावात काम मिळालं नाही त्याने गाडी पकडली, आणि गाडी पकडली की तो इथल्या बेकारांच्या यादीतून उतरला. कतार परवाना रद्द करून जे करतं, ते कोकणात आपोआप होतं. मागे उरतात म्हातारी माणसं, बायका आणि होडीवरचा मावसभाऊ, आणि त्यांना विचारून दर काढला की तो कमीच येणार. तिकडे कल्याण-नालासोपाऱ्यात आमचा माणूस दहा-बारा तास राबत असतो, तोही रोजगारातच.

त्यामुळे प्रकल्पाची बाजू घेणारे असोत की विरोध करणारे (नाणार-बारसूच्या रिफायनरीच्या वेळी दोन्हींकडून ‘रोजगार’ हाच शब्द ऐकला), टक्केवारी एकमेकांवर फेकून त्यांना काही सिद्ध करता येणार नाही. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाचा नमुना जिल्हा हा पाया धरून निवडायला लागलेत, ही चांगली गोष्ट आहे. आता आमदार-खासदारांनी जिल्ह्याचे आकडे मागून घ्यावेत. आणि नुसता दर नको. वर्षातले किती दिवस काम मिळालं, त्यातून हातात किती आलं, बिनपगारी किती जण राबले, हे सगळं मागावं.

गेलेल्यांचा हिशेब मात्र गावानेच करावा लागेल. २०२१ ची जनगणना लांबली, तिची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. गणपतीत चाकरमानी घरी येतात, वर्षातून तेवढेच दिवस प्रत्येक घर भरलेलं असतं. आमच्या वाडीत मी या वर्षी सुट्टी घेऊन एक वही करणार आहे. घरटी चार प्रश्न: कोण कुठं आहे, काय शिकलाय, काय काम करतो, आणि किती पगाराचं काम तालुक्यात मिळालं तर परत येईल. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं ग्रामसभेत वाचायची, असं सरपंचांशी बोलणं झालंय.