सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत म्हणे!

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'सायकल ट्रॅक : करदात्यांच्या पैशांची उघड लूट'. वर लाल सायरन, खाली 'पटलं तर दहा जणांना पाठवा'. मला तो मामांनी पाठवला, 'अगदी मनातलं लिहिलंय' असा शेरा मारून. मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत आणि नोकरीची बहुतेक वर्षं शनिवार पेठेतून सायकलवर गेले-आले. त्यांना हे मनातलं वाटावं, याचं आधी हसू आलं. मग कळलं, की आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याच मेसेजची प्रिंट काढून 'आमच्या रस्त्यावरचा सायकल ट्रॅक उखडून टाका' अशा अर्जाला जोडलीय, आणि वॉर्ड ऑफिसात द्यायला घरोघरी सह्या गोळा होताहेत. तेव्हा हसू आटपलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ट्रॅक कुणी वापरत नाही. सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत, त्यामुळे रस्त्यावर वेगळी जागा मागायचा त्यांना हक्क नाही. सायकल ही लायक्राचे घट्ट कपडे घालून फिरणाऱ्या हौशी मंडळींची चैन आहे. ट्रॅकपायी ॲम्ब्युलन्स अडकतात. आपल्याकडे ऊन-पाऊस फार. ही सगळी हॉलंडची नक्कल. आणि शेवटी तोडगा : मोकळी हवा हवी असेल त्यांनी उपनगरात रुंद रस्त्यावर फ्लॅट घ्यावा, शहरातले रस्ते गाड्यांना सोडावेत.

टॅक्सचा मुद्दा आधी घेते, कारण सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना तोच पटलेला दिसतो. आपण ज्याला रोड टॅक्स म्हणतो तो मोटार वाहन कर. महाराष्ट्रात तो १९५८ च्या कायद्याने घेतला जातो, नवी गाडी घेताना आरटीओत एकरकमी भरतो आपण, आणि तो जातो राज्य सरकारच्या तिजोरीत. तुमच्या-माझ्या घरासमोरचा रस्ता महापालिका करते. तिच्याकडे पैसा येतो मिळकतकरातून, बांधकाम परवानग्यांच्या शुल्कातून, आणि जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, त्यानंतर जीएसटीच्या बदल्यात सरकार जे अनुदान देतं त्यातून. म्हणजे भांड्याला येणाऱ्या मावशींनी साबणाची वडी घेतली तरी त्या रस्त्याला त्यांचे चार पैसे लागलेत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या भाड्यात घरमालकाचा मिळकतकर असतोच. रस्ता सगळ्यांच्या पैशाचा आहे. एकदा गाडी घेतली म्हणून तो कुणाच्या नावावर होत नाही.

बरं, कर भरेल त्यालाच रस्ता, हेच मानायचं ठरवलं, तर महाराष्ट्रात विजेवरच्या गाड्यांना हा कर माफ आहे. आमच्या पार्किंगमध्ये अशा गाड्या आहेत, एक तर खुद्द अर्जावर पहिली सही करणाऱ्यांची. त्यांना रस्त्यावरून खाली उतरवायचं का?

आणि मामा, तुम्ही तरी हे पुढे पाठवायला नको होतं. सायकलवर कर होता आणि तुम्ही तो भरलाय! पुण्यात सायकलला पालिकेचा बिल्ला लावावा लागायचा. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला, डबलसीट दिसलं, की हवालदार शिट्टी मारायचा, हे किस्से तुमच्याच तोंडून ऐकलेत. तो कर पुढे काढून टाकला, कारण त्यातून मिळायचं किती आणि वसुलीचा व्याप किती! आता त्याच लोकांना 'फुकटे' म्हणणं हा कृतघ्नपणा आहे.

खरं फुकट काय चाललंय ते सांगते. एक मोटार उभी राहायला साधारण दहा-बारा चौरस मीटर जागा लागते. ती आपण रस्त्याच्या कडेला दिवसरात्र लावतो आणि एक पैसा देत नाही. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, पैसे घेऊन पार्किंग द्यायचं म्हणून. केवढा आरडाओरडा झाला! आधी 'फक्त पाच रस्त्यांवर, प्रयोग म्हणून' इथवर आलं आणि मग फायलीतच राहिलं. तेव्हा 'करदात्यांची लूट' कुणाला आठवली नव्हती. शिवाय रस्ता खराब कोण करतं? अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून चाचण्या घेतल्या गेल्या. त्यातून निघालेला ठोकताळा अभियंते अजून वापरतात : एक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या आसावरचं, वजन दुप्पट झालं, की रस्त्याची झीज सुमारे सोळापट. या हिशेबात सायकलची झीज मोजायला गेलात तर शून्यच येईल. खड्ड्यांचं बिल फाडायचंच असेल तर ते कुणाच्या नावाने फाडायचं, ते ठरवा मग.

या मुद्द्यावर एवढं लिहिलं, कारण 'हक्क नाही' इथपर्यंत पोचलेली भाषा तिथेच थांबत नाही. कोलकात्यात पोलिसांनी २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलबंदी केली. कारण तेच, वाहतूक मंदावते. दूधवाले, पेपरवाले, मासे-भाजी घेऊन येणारे, छोटे कारागीर, सगळे दंडाच्या पावत्या घेत फिरले किंवा गल्लीबोळांतून लांबचा वळसा घालून गेले. नंतर ओरड झाल्यावर रस्त्यांची संख्या कमी केली. तुमच्या अर्जाची पुढची पायरी हीच आहे, मान्य करा वा नका करू.

आता 'हौशी लोकांची चैन'. इथे मी एकच आकडा देणार आहे, पण तो पुरेसा आहे. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच विचारलं गेलं, की तुम्ही कामावर कसे जाता. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामकऱ्यांना हा प्रश्न होता. देशभरात सायकलने कामावर जाणारे निघाले अडीच कोटींहून जास्त, जवळजवळ १३ टक्के. मोटार-जीपने जाणारे ५४ लाखांच्या आसपास, म्हणजे तीन टक्केही नाहीत. पायी जाणारे या दोघांपेक्षा जास्त, साडेचार कोटींच्या घरात. आकडे जुने आहेत, मान्य. नंतरची जनगणना लांबली, आणि मधल्या काळात पुण्यात तर गाड्यांचा पूर आला. २०१८ मध्येच आरटीओतल्या नोंदणीचा आकडा ३६ लाखांवर गेला आणि शहरात माणसांपेक्षा वाहनं जास्त, अशा बातम्या छापून आल्या. पण एकास पाच हे प्रमाण अगदी उलटंपालटं झालं असं धरलं, तरी 'सायकल म्हणजे लायक्रा' हे म्हणणं उभं राहत नाही. रविवारी सकाळी सिंहगडाकडे घोळक्याने जाणारे तुम्हाला दिसतात, कारण तेव्हा तुम्हीही नाश्त्याला बाहेर पडलेले असता. पहाटे साडेपाचला बिल्डिंगच्या बांधकामावर जाणारा, मागे डबा बांधलेला गवंडी कोणत्या सेल्फीत दिसणार?

आमचा रात्रपाळीचा वॉचमन शिवण्याहून सायकलने येतो. अर्जावर त्याची सही कुणी मागितली नाही. फ्लॅटधारक नाही ना तो!

'ट्रॅक कुणी वापरत नाही' यात मात्र निम्मं खरं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या समोरचाच ट्रॅक बघा. सुरुवातीलाच तीन लोखंडी खांब, दुचाकी घुसू नयेत म्हणून. ते इतके जवळ, की हँडल अडकतं आणि सायकलवाल्याला उतरून सायकल तिरकी करून आत घ्यावी लागते. दुचाकीवाला मात्र पुढच्या सोसायटीच्या उतारावरून आरामात आत शिरतो. थोडं पुढे गेलं की चेंबरचं झाकण पेव्हर ब्लॉकच्या दोन बोटं वर. मग विजेचा डीपी, ट्रॅकच्या बरोब्बर मध्ये, आणि त्याला वळसा घालायला रंगाने आखलेली वाट सरळ झाडाच्या बुंध्यात. पुढे वडापावची गाडी आणि तिची गिऱ्हाइकं. मग ट्रॅक संपतो. कशात मिळत नाही, कुठे पोचत नाही, फुटपाथच्या कडेवरून एक फूट खाली रस्त्यात. वॉचमनला विचारलं, तू का नाही रे यावरून येत? तो म्हणाला, "ताई, यावर चढायचं-उतरायचं त्यापेक्षा बसच्या कडेनं आलेलं बरं."

तेव्हा रिकामा ट्रॅक दिसतो हे खरं. पण जिना अर्धवट बांधायचा आणि वर कुणी जात नाही म्हणून तोही पाडायचा, असला हा न्याय आहे. सायकल मार्ग कसे आखावेत याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन १९६२ पासून आहे, नवी आवृत्ती २०१५ ची. डीपी मध्ये आला तर काय करायचं हे कुणाला सुचलं नाही असं नाही, कुणी लक्षच दिलं नाही. पुण्यात २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, आली तेव्हा तिच्या कडेने सायकल मार्ग झाले, २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास भाड्याच्या हिरव्या-पिवळ्या-नारिंगी सायकली आल्या आणि चोऱ्या, मोडतोड, कंपन्यांची माघार यांत बघता बघता गायब झाल्या. या सगळ्यात पैसा वाया गेला का? गेला. मुंबईत पवई तलावाच्या काठचा सायकल ट्रॅक तर उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, पाणथळ जागेत भराव घातला म्हणून. योग्यच केलं. तलाव बुजवून सायकल चालवायची कुणाला हौस आहे? पण पैसा वाया जाणं हा निकष लावायचा तर विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडून टाकला आणि तिथे पुन्हा दुमजली पूल बांधला. त्यावर 'उड्डाणपूल : करदात्यांची लूट' असा मेसेज आला होता का कुणाला?

ॲम्ब्युलन्सबद्दल काय बोलायचं! कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता सायरन वाजत असतो, तेव्हा तिच्या पुढे कोण उभं असतं ते खिडकीतून डोकं काढून पाहा. सायकलवाला पाय टेकवून बाजूला होतो. मोटार कुठे जाणार?

ऊन-पाऊस स्कूटरवाल्यांनाही तितकाच लागतो. डोक्याला ओढणी आणि हातात लांब मोजे घालून निम्मं पुणे रोज जातं.

हॉलंडची नक्कल म्हणाल, तर हॉलंडही पहिल्यापासून तसं नव्हतं. युद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, त्यांच्यासाठी रस्ते रुंद झाले, सायकली मागे पडल्या. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आई-बाप रस्त्यावर बसले, 'मुलांच्या हत्या थांबवा' म्हणून. पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं. तिथून ते मार्ग बांधले गेले. नक्कल करायची तर त्या आई-बापांची करा की.

राहता राहिलं उपनगर. हा भाग बहुधा कुठल्या तरी बिल्डरच्या जाहिरातीतून उचललाय. 'रुंद रस्ते, मोकळी हवा'! हिंजवडीत रोज जाणाऱ्याला विचारा किती मोकळी. वाघोलीत, उंड्रीत, सूसला फ्लॅट घेतलेल्यांना उन्हाळ्यात टँकरची आणि बाराही महिने गाडीची चाकरी असते. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली, बस त्यांच्यामागून रखडत येतेय. घर स्वस्त पडलं म्हणून माणूस लांब जातो, मग घरात एकाच्या दोन गाड्या होतात, आणि त्या दोन्ही सकाळी कुठे येतात? शहरातच. कर्वे रस्त्यावर जी गर्दी तुम्हाला नको आहे, तिच्यातल्या बऱ्याच गाड्या याच 'मोकळ्या हवेतून' आलेल्या असतात. लोकांना बाहेर घालवून रस्ता मोकळा होत नाही, उलट प्रत्येकाचं अंतर वाढून तो आणखी भरतो.

माझी मामेबहीण, म्हणजे मामांचीच लेक, नगर रस्त्याच्या पलीकडे राहते. मुलाची शाळा रस्त्याच्या अलीकडे. सायकलवर दहा मिनिटं लागणार नाहीत इतकी जवळ. पण कंटेनर, खडीचे डंपर आणि कडेला ना फुटपाथ ना ट्रॅक, त्यामुळे पोराला व्हॅन लावलीय आणि व्हॅन यू-टर्नसाठी लांब जाऊन, सिग्नलला थांबून, त्याच गर्दीत आणखी एक गाडी होऊन उभी राहते. मामा, नातवाला सायकल तुम्हीच आणलीत वाढदिवसाला. तो ती पार्किंगमध्ये गोल गोल फिरवतो. ती रस्त्यावर आणायची झाली तर काय लागेल, एवढं विचारून बघा त्या मेसेज लिहिणाऱ्याला. आणि सेक्रेटरींना मी कळवलंय : 'ट्रॅक काढा' यावर माझी सही मिळणार नाही, 'डीपी हलवा, खांब सरकवा, चेंबर समपातळीत घ्या, ट्रॅक पुढच्या चौकापर्यंत न्या' असा अर्ज केलात तर पहिली सही माझी, दुसरी वॉचमनची.