नेम आणि कृपा : एका वाचकबंधूंना उत्तर

सलाम बंधू,

तुमची प्रतिक्रिया वाचून पहिल्यांदा राग आला, म्हणून दोन दिवस काहीच लिहिलं नाही. मागच्या लेखात मी माझे तीन नेम सांगितले होते : सकाळी डबे भरण्याआधी बायबलमधलं एक स्तोत्र, शुक्रवारी दुपारचं जेवण सोडून त्याचे पैसे दानाच्या पाकिटात, आणि रात्री निजण्याआधी दिवसाची उजळणी. त्यावर तुमचं म्हणणं असं : तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने झालं, मग हे वेळापत्रक कशाला? उपास करणं, तेच तेच वचन घोळवणं म्हणजे वाडवडील ख्रिस्ती होताना जे सोडून आले ते मागच्या दाराने आत आणणं. आणि प्रार्थना मनातून यावी, घड्याळ बघून नव्हे.

एक गोष्ट आधी कबूल करते. ‘शुक्रवारच्या उपासाचं फळ मिळतंच’ असं मी लिहिलं होतं. ते वाक्य चुकलं. त्यात देवाशी देवघेव केल्याचा सूर आहे. ते काढून टाकलं आहे, आणि तुम्ही ते दाखवलंत याबद्दल मनापासून आभार. इफिसकरांस पत्रातलं २:८-९ (तारण कृपेने, कर्मांनी नव्हे) तुम्ही दिलंत, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण लगेच पुढचं दहावं वचनही त्याच दमात वाचावं, इतकंच म्हणेन. तिथे पौल सत्कृत्यांबद्दल बोलतो.

कर्माने पुण्य मिळत नाही हे आपल्यात पंडिता रमाबाईंइतकं जवळून कुणी पाहिलं असेल? आईवडिलांबरोबर पायी तीर्थयात्रा, पुराणवाचन, उपासतापास, आणि शेवटी दुष्काळात उपाशीपोटी झालेले आईवडिलांचे मृत्यू. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तुमची बाजू याहून सडेतोड मला मांडता येणार नाही. पण याच रमाबाईंनी केडगावला, निराधार बायकामुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये काय केलं? १९०५ च्या जानेवारीत सुमारे ७० जणींना घेऊन रोज सकाळी प्रार्थनेला बसायला सुरुवात केली. रोज. ज्या बाईला कृपा म्हणजे काय ते इतक्या किमतीने कळलं होतं, तिला ठरलेली वेळ कृपेच्या आड येते असं वाटलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

उपासाबद्दल मी माझं काही सांगत नाही. मत्तय ६ काढा. प्रभू दानधर्माबद्दल बोलतो, मग प्रार्थनेबद्दल, मग उपासाबद्दल, आणि तिन्ही ठिकाणी ‘कराल तेव्हा’ असंच धरून चालतो. त्याची हरकत आहे ती दाखवण्याला. म्हणून तर डोक्याला तेल लाव, तोंड धू, असं तो सांगतो. त्या हिशेबाने मी लेखात शुक्रवारचा उल्लेख केला हेच कदाचित जास्त झालं. पण आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) नोकरी करणाऱ्या बहिणी ‘नेमकं काय करतेस’ म्हणून विचारत होत्या, म्हणून लिहिलं.

आता मागचं दार. तेच शब्द पुन्हा म्हणणं हे परकं आहे, असं तुम्हाला वाटतं. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली. स्तोत्र १३६ मध्ये ‘त्याची दया सनातन आहे’ हे सव्वीस वेळा येतं. प्रभूने नाकारली ती व्यर्थ बडबड. आणि आपण मराठी माणसं! रेव्हरंड टिळकांची भजनं, अभंग तुम्ही-आम्ही दर रविवारी गातो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. ते पुढच्या दाराने, सगळ्यांसमक्ष आले, आणि टाळ बरोबर घेऊन आले. आणि नेम म्हटला की तो आश्रमातलाच असं थोडंच आहे? मिझोराममध्ये १९१० पासून मंडळीतल्या बायका प्रत्येक स्वयंपाकाला तांदूळ घेतला की त्यातला मूठभर प्रभूसाठी बाजूला काढतात. ते तांदूळ गोळा होऊन विकले जातात आणि मंडळीचं काम चालतं. चुलीपाशीच होणारी ही उपासना आहे.

‘मनातून’ हा तुमचा शब्द मात्र मला खरंच लागला, कारण माझ्या मनाचं मला ठाऊक आहे. नगरच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी माझं बोलणं बंद झालं होतं. मनातून त्याच्यासाठी प्रार्थना आली नसती, बंधू. वर्षभर आलीच नव्हती. रात्रीच्या उजळणीत मी दोनच प्रश्न विचारते : आज देवाचा हात कुठे दिसला, आणि आज मी कुठे पाठ फिरवली? दुसऱ्या प्रश्नाला रोज त्याचंच नाव यायचं. कधी आईच्या औषधांवरून, कधी वहिनीच्या मेसेजला मुद्दाम उत्तर न दिल्यावरून. अकराव्या की बाराव्या रात्री तेच नाव पुन्हा घ्यायची लाज वाटली, आणि मी अंथरुणातून उठून फोन लावला. साडेदहा वाजले होते. तो घाबरला, आईला काही झालं की काय म्हणून. वाटणी अजून सुटलेली नाही. पण दर रविवारी उपासनेनंतर आम्ही बोलतो. त्या फोनचं श्रेय मी माझ्या नेमाला देत नाही, ते प्रभूचंच. पण रोज रात्री मी त्याच्यासमोर बसत नसते, तर त्याने कितीही वेळा सांगितलं असतं तरी माझ्या कानावर गेलं नसतं.

शेवटी तुम्ही विचारलंत, एखाद्या दिवशी नेम चुकला तर मी काय करते, दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचते का? नाही. पूर्वी करायची, आणि त्यात खरंच तुम्ही म्हणता ते कर्मकांड होतं : राहिलेली स्तोत्रं बसमध्ये भराभर उरकायची, अर्थ एकाचाही लागायचा नाही. रानात इस्राएल लोकांनी मान्ना, म्हणजे देवाने रोज दिलेलं अन्न, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडले. आता जिथे खूण असेल तिथूनच वाचते. सध्या ११९ वं स्तोत्र चालू आहे, रोज आठ वचनं, म्हणजे सलग झालं तर बावीस दिवस. मला आतापर्यंत सव्वीस लागले आहेत आणि तीन भाग राहिले आहेत.

तुमची बहीण