पाणी नितळ दिसतं, तरीही तपासा

नमस्कार. घरी खाऱ्या पाण्याचा, म्हणजे समुद्री माशांचा टँक कसा सुरू करायचा यावरच्या माझ्या पहिल्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप असे: पाणी तपासायच्या टेस्ट किटची लांबलचक यादी देऊन मी नवख्यांना खर्चात पाडतो, तुम्ही वीस वर्षं गोल्डफिश पाळलेत आणि पाणी एकदाही तपासलं नाही, आणि समुद्र दाराशी असताना मीठ विकत का घ्यायचं, टँकमध्ये ठेवायला मालवणहून खडक का आणायचे नाहीत?

यादीबद्दल तुमचं बरोबर आहे. प्रवाळ न ठेवता नुसते मासे ठेवणाऱ्याला कॅल्शियम, मॅग्नेशियमचे किट लागत नाहीत. पहिल्याच लेखात ते सांगायला नको होते. आज ती ओळ काढली.

अमोनियाच्या किटवर मात्र मी ठाम आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडत असतात. पाण्यात त्याचा काही भाग विषारी असतो आणि बाकीचा बराच सौम्य. किती भाग विषारी, हे पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लारी आहे यावर ठरतं. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात विषारी भाग एक टक्क्यापेक्षाही कमी असतो. खाऱ्या टँकचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि तिथे हाच भाग दहापटीच्या वर जातो. जेवढ्या अमोनियात तुमचे गोल्डफिश निभावले, तेवढ्यात क्लाउनफिशसारखा समुद्री मासा मरू शकतो.

माझ्या पहिल्या ६० लिटरच्या टँकमध्ये तेच झालं. दुकानदार म्हणाला, दोन दिवस पंप चालवा आणि मासे सोडा. पाणी इतकं नितळ होतं की टँकमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येई. चौथ्या दिवशी क्लाउनफिशची जोडी वर येऊन धापा टाकू लागली, सहाव्या दिवशी दोन्ही गेले. किट मी त्यानंतर आणला. किटमधलं रसायन घातल्यावर नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं. आठवडाभर आधी ती नळी भरली असती तर ते दोघे वाचले असते, हे मला आजही सलतं.

म्हणून आधी टँक माशांशिवाय चालवा. रोज चिमूटभर खाद्य टाकून कुजू द्या. अमोनिया चढेल, मग जिवाणू त्याचं नायट्राइट करतील, आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. पहिले दोन शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की एक मासा आणा. एकच.

समुद्राचं म्हणाल, तर मुंबईच्या किनाऱ्याला नाल्यांचं पाणी मिळतं आणि पावसाळ्यात खारटपणा उतरतो. आजची बादली कालच्यासारखी असेल याचा भरवसा नाही. आरओच्या पाण्यात ६० लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास समुद्री टँकसाठी मिळणारं मीठ (स्वयंपाकाचं नव्हे) घाला आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, विशिष्ट गुरुत्व १.०२५ जुळवा. उन्हाळ्यात पाणी उडतं पण मीठ मागेच राहतं, तेव्हा रोजची भर साध्या आरओच्या पाण्याची. इथे खारं पाणी ओतण्याची चूक फार जण करतात.

मालवणचे खडक मात्र कृपा करून आणू नका. तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. दुकानात मिळणारा कोरडा, सच्छिद्र दगड पुरतो; जिवाणू त्यावरही वस्ती करतात.

सध्या फक्त अमोनियाचा किट घ्या, आणि पहिली नळी तुमच्या गोल्डफिशच्या पाण्याची भरा. आकडा इथे लिहा, मग पुढचं बोलू.