रकाना वाढवलात, पण त्यावरून शोधता येतं का?

बडोद्यातल्या आपल्या मराठी संस्था, म्हणजे वाचनालयं, ज्ञातिमंडळं, वधूवर सूचक केंद्रं, आता वह्या सोडून संगणकावर येतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सॉफ्टवेअर घेताना सगळे एकच विचारतात, "आम्हाला हवे तेवढे रकाने वाढवून मिळतील ना?" मिळतात. मग मूळ गाव, गोत्र, देणगीदार, बांधणीचं साल असे कस्टम फील्ड तयार होतात आणि निवृत्त मंडळी डोळे ताणून ते भरतात. त्या रकान्यावरून शोध घेता येईल का, हे मात्र कोणी विचारत नाही. एवढ्या कष्टांनी भरलेली माहिती नंतर हाती लागत नाही, हे बघून जीव तुटतो.

कारण शोधाची सोय आपोआप येईलच असं नाही. संकेतस्थळं बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचा मूळचा शोध शीर्षक, मजकूर आणि सारांश एवढंच बघतो. कस्टम फील्ड वेगळ्या तक्त्यात असतात, तिकडे तो फिरकतच नाही. रकान्यात 'दांडिया बाजार' नीट भरलेलं असलं तरी उत्तर येतं, काही सापडलं नाही. ग्रंथालयांसाठीचं 'कोहा' हे मोफत सॉफ्टवेअर मला फार आवडतं, पण तिथेही सभासदाच्या नोंदीला जादा रकाना जोडताना 'शोधता येईल' ही खूण वेगळी करावी लागते. ती राहिली तर रकाना नुसता दिसतो.

पुढचा घोळ भरण्याच्या पद्धतीचा. वर्डप्रेस या रकान्यांतलं सगळं मजकूर म्हणूनच साठवतं, अगदी आकडेसुद्धा. त्यामुळे दाखल क्रमांक लावायला सांगितले की १०० आधी येतो आणि २० नंतर. संख्या म्हणून तुलना कर असं वेगळं सांगावं लागतं. आणि साल देवनागरी अंकांत भरलं असेल तर तेही चालत नाही, कारण वर्डप्रेसची माहिती ज्यात साठते तो मायएसक्यूएल हा डेटाबेस त्याची संख्या करताना शून्य धरतो. '१९३०च्या आधीची पुस्तकं' मागितली की यादी चुकलीच.

आपल्या गावात तर तीन लिप्या. जोशी एका नोंदीत देवनागरीत, दुसरीत गुजरातीत, तिसरीत रोमनमध्ये. आपल्याला ते एकच आडनाव, पण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या पद्धतीत, देवनागरी 'ज' आणि गुजराती 'ज' यांचे क्रमांक वेगळे, म्हणून संगणकाला ती वेगवेगळी माणसं. रोमन गायकवाडांची स्पेलिंगं तर विचारूच नका. म्हणून माझा आग्रह असतो की गाव आणि पेठ हातानं लिहू देऊ नका, ठरलेल्या यादीतून निवडायला लावा. साल इंग्रजी अंकांत घ्या. नावासाठी एका ठरावीक स्पेलिंगचा जादा रकाना ठेवा, फक्त शोधासाठी. थोडं किचकट वाटेल, पण याला पर्याय मला तरी दिसत नाही.

आणि रकाने कमी ठेवा. ज्यावरून कधी कोणी काही विचारणार नाही, तो रकाना म्हणजे भरणाऱ्याच्या वेळेची नासाडी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी शोधाचा विचार, मग रकाने, हे या शहराला नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून इथली ग्रंथालयं उभी केली. बॉर्डन यांनी बडोद्यासाठी जी वर्गीकरण पद्धत बसवली, तिच्यात ड्यूई आणि कटर या दोन अमेरिकी ग्रंथपालांच्या पद्धतींचा मेळ होता. त्यातल्या चार्ल्स कटर यांनी १८७६ सालच्या आपल्या सूचीनियमांत आधी उद्दिष्ट मांडलं: वाचकाला लेखक, पुस्तकाचं नाव किंवा विषय यांपैकी एक जरी ठाऊक असलं तरी पुस्तक सापडलं पाहिजे. आधी वाचकाचा प्रश्न, मग नोंदीचा आराखडा. आपण आज नेमकं उलटं करतोय, आणि तेही बडोद्यात.

तेव्हा पैसे देण्याआधी विक्रेत्याला आपल्याच पन्नासेक नोंदी द्या आणि समोर बसवून विचारा: मूळ गाव सातारा, साल १९३०च्या आधीचं, देणगीदार अमुक, तिन्ही अटी एकत्र लावून दाखवा. नमुन्याच्या माहितीवर नको, आपल्याच नोंदींवर. कोणाच्या संस्थेत सध्या निवड चालू असेल तर रकान्यांची यादी मला इनबॉक्समध्ये पाठवा. रविवारी सकाळी मी मोकळी असते, एकत्र बसून बघू.