सिंधूचा ‘नळ’ आणि 80 टक्क्यांचे ‘दान’: एका फॉरवर्डला उत्तर

पहलगामच्या हल्ल्यानंतर मराठी व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मजकूर फिरू लागला, तो अजूनही फिरतोच आहे. त्याचा सारांश असा: ‘1960 मध्ये नेहरूंनी आपल्या नद्यांचे 80 टक्के पाणी पाकिस्तानला दान केले, वर पैसेही मोजले. करारामुळे आपले हात बांधलेले होते. आता करार गुंडाळला आहे. नळ बंद केला की आठवड्यात पाकिस्तान तहानेने तडफडेल. नदी आपल्याकडून वाहते, तेव्हा पाणी आपलेच.’

22 एप्रिल 2025 रोजी जे 26 जण मारले गेले, त्यांत सहा महाराष्ट्रातले होते. त्यामुळे या मजकुरामागचा संताप मला परका नाही. दुसऱ्याच दिवशी भारत सरकारने पाकिस्तानशी 1960 मध्ये झालेला सिंधू जलकरार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. त्या निर्णयाबद्दल मी इथे बोलत नाही. मजकुरातल्या दाव्यांबद्दल बोलतो, कारण ते खरे मानून लोक सरकारकडे भलत्याच गोष्टी मागत आहेत आणि मागायला हव्यात त्या राहून जात आहेत.

‘80 टक्के पाणी दान केले’

आकडा बरोबर आहे, दान हा शब्द चूक आहे. सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडच्या तीन नद्यांचे पाणी वर्षाला साधारण 5,900 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडच्या तीन नद्यांचे 1,400 टीएमसीच्या आसपास. पहिला गट पाकिस्तानकडे गेला, दुसरा पूर्णपणे भारताकडे आला. 80 आणि 20 ही विभागणी इथून आली.

पण हे पाणी 1960 च्या आधी आपण वापरत होतो आणि मग देऊन टाकले, असे झालेले नाही. इंग्रजांनी खोदलेले बहुतेक कालवे आणि त्यांवर भिजणारी बहुतेक जमीन फाळणीत पाकिस्तानात गेली. कालव्यांची काही मुखे मात्र आपल्याकडे राहिली, रावीवर माधोपूरला आणि सतलजवर फिरोजपूरला. 1 एप्रिल 1948 रोजी पूर्व पंजाबने त्या कालव्यांचे पाणी तोडले. भांडण तिथून पेटले, आणि जागतिक बँकेच्या मध्यस्थीने ते मिटायला 19 सप्टेंबर 1960 उजाडला.

त्या वाटाघाटींत भारताला पूर्वेकडच्या तीन नद्या हव्या होत्या, कारण पंजाब, हरियाणा आणि राजस्थानच्या शेतापर्यंत पोहोचू शकणाऱ्या नद्या त्याच होत्या. लडाखच्या खोल घळईतून वाहणारी सिंधू बिकानेरला नेता येत नाही. सतलज-बियासचे पाणी मात्र हरिके बंधाऱ्यापासून इंदिरा गांधी कालव्याने थरच्या वाळवंटात गेले. पोंग, रणजित सागर ही धरणे उभी राहिली ती या नद्यांवरचा हक्क निर्विवाद झाल्यामुळे. या हक्काची किंमत पाकिस्तानातल्या बहावलपूरच्या शेतकऱ्याने मोजली, त्याची सतलज गेली. ‘आमच्या नद्या विकल्या’ ही तक्रार पाकिस्तानातही केली जाते, हे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

‘वर पैसेही दिले’

दिले. 6 कोटी 20 लाख 60 हजार पौंड, दहा वार्षिक हप्त्यांत. पूर्वेकडच्या नद्यांवर चालणारे पाकिस्तानचे कालवे पश्चिमेकडच्या नद्यांना जोडण्याच्या खर्चातला तो वाटा होता. तीन नद्यांवरून दुसऱ्याचा वापर कायमचा उठवण्यासाठी ही रक्कम महाग होती, असे मला वाटत नाही.

‘नळ बंद करा’

इथे जरा थांबावे लागेल, कारण सगळ्यात जास्त भूल याच वाक्याने पडते. नदी बंद करायची तर पाणी कुठेतरी साठवावे लागते, नाहीतर वळवावे लागते. 5,900 टीएमसी म्हणजे किती? आपले कोयना धरण 105 टीएमसीचे. अशी छपन्न कोयना धरणे हिमालयात बांधली आणि पावसाळ्याच्या तोंडावर सगळी रिकामी असली, तर एका वर्षाचे पाणी अडेल. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच येईल.

आज तिथे आहे काय? चिनाबवर सलाल (690 मेगावॅट) आणि बगलिहार (900 मेगावॅट), झेलमच्या खोऱ्यात किशनगंगा (330 मेगावॅट). हे धावत्या पाण्यावर वीज करणारे प्रकल्प आहेत, साठवणुकीचे नव्हेत. बगलिहारच्या वापरण्याजोग्या साठ्यावर वाद झाला. 2007 मध्ये तटस्थ तज्ज्ञ, स्वित्झर्लंडचे अभियंते रेमंड लाफित यांनी तो 32.56 दशलक्ष घनमीटर ठरवला. म्हणजे 1.15 टीएमसी. पुण्याचे खडकवासला त्याहून मोठे आहे.

मे 2025 मध्ये गाळ काढण्यासाठी बगलिहार आणि सलालचे दरवाजे बंद-चालू केले, तेव्हा खाली चिनाबचे पाणी काही दिवस घटले आणि मग लोंढ्याने आले. आज हातात आहे ते एवढेच: पेरणीच्या तोंडावर काही दिवसांची ओढाताण. तिचा त्रास सियालकोटकडच्या शेतकऱ्याला होतो, अतिरेक्यांना पोसणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरचे पाणी त्याने तुटत नाही. जून ते सप्टेंबर बर्फ वितळून आणि पाऊस पडून नदी फुगते, तेव्हा तर ते दरवाजे उघडावेच लागतात.

मग मोठी धरणे बांधू? झेलम अडवली तर पाणी काश्मीर खोऱ्यातच पसरेल. सप्टेंबर 2014 मध्ये श्रीनगर कसे बुडाले होते, ते देशाने पाहिले आहे. चिनाबच्या खोऱ्यात जागा आहे, पण तो डोंगर भूकंपप्रवण आहे आणि नदी गाळाने जड आहे. सलालची खालची गाळदारे पाकिस्तानशी 1978 मध्ये झालेल्या समझोत्यानुसार बुजवली गेली आणि जलाशय गाळाने भरून गेला. बांधायचे ठरवले तरी त्याला वर्षानुवर्षे लागतात. आठवडा हा हिशेब कुठून आला?

‘करारामुळे भारताचे हात बांधलेले होते’

काही अंशी खरे आहे. झेलमवर वुलर सरोवराच्या तोंडाशी असलेल्या तुलबुल प्रकल्पाचे काम 1987 पासून रखडले. पाकिस्तानने जवळजवळ प्रत्येक प्रकल्पावर आक्षेप घेतला, त्यात वर्षे गेली. पण किशनगंगाचे पाणी झेलमकडे वळवण्याचा भारताचा हक्क 2013 मध्ये लवादाने मान्यच केला, खाली सेकंदाला किमान 9 घनमीटर सोडण्याच्या अटीवर.

मला जास्त सलते ती दुसरी गोष्ट. पश्चिमेकडच्या नद्यांवर 36 लाख एकर-फूट, म्हणजे जवळपास दीड कोयना, साठवण्याची मुभा आपल्याला करारानेच दिली होती. ती आपण वापरलीच नाही. आणि रावी? ती तर पूर्णपणे आपली. शाहपूरकंडी धरणाची कोनशिला 1995 मध्ये बसली, पंजाब आणि जम्मू-काश्मीरच्या भांडणात काम अडकले, 2018 मध्ये समझोता झाला आणि 2024 मध्ये पाणी अडले. तोवर आपल्या वाट्याचे पाणी सीमेपार वाहत राहिले. त्याचा दोष 1960 मध्ये कराचीत करारावर झालेल्या सह्यांवर ढकलता येत नाही.

‘नदी आपल्याकडून वाहते, तेव्हा पाणी आपलेच’

हा सगळ्यात घातक दावा आहे. सिंधू आणि सतलज तिबेटमध्ये उगम पावतात. ब्रह्मपुत्राही तिथूनच येते, आणि तिच्यावर मेडॉग इथे चीनने 2025 मध्ये प्रचंड जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले आहे. चीनशी आपला पाणीवाटपाचा करार नाही, होते ते फक्त माहिती देण्याचे समझोते. 2017 मध्ये डोकलामच्या सीमातणावाच्या वेळी ब्रह्मपुत्रेची माहिती आलीच नाही. तिबेटात दरड कोसळून तयार झालेला पारेछू तलाव जून 2005 मध्ये फुटला आणि सतलजने हिमाचलमधले पूल, रस्ते वाहून नेले. जो वर बसला त्याचेच पाणी, हे तत्त्व आपण आज मान्य केले तर उद्या आसाममध्ये ते आपल्याच गळ्यात पडेल. गोवेकरांना विचारा. म्हादईच्या वरच्या अंगाला बसलेले कर्नाटक असे म्हणाले तर त्यांना पटेल का?

फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट

करार बदलायला हवा, हे मला मान्य आहे. भारताने जानेवारी 2023 आणि ऑगस्ट 2024 मध्ये तशा नोटिसाही दिल्या होत्या. 1960 च्या मसुद्यात हवामानबदल नाही, आटणाऱ्या हिमनद्या नाहीत, नदी जिवंत राहील इतके पाणी पात्रात ठेवण्याचा सर्वसाधारण नियम नाही. भूजल तर नाहीच. भारतीय पंजाबमध्ये दरवर्षी जितके भूजल उपसणे परवडते त्याच्या दीडपटीहून जास्त उपसले जाते. पलीकडच्या पंजाबातही पंप तसेच चालू आहेत. जमिनीखालच्या पाण्याला फाळणीची राडक्लिफ रेषा माहीत नाही.

पुराचेही तसेच. ऑगस्ट 2025 च्या अखेरीस रावी आणि सतलजला जो पूर आला, त्यात गुरदासपूर आणि फिरोजपूर बुडाले, कर्तारपूरचा गुरुद्वाराही पाण्यात गेला. माधोपूर बंधाऱ्याचे दरवाजे तुटले. करार स्थगित असूनही भारताने जम्मूतल्या तावी नदीच्या पुराचा इशारा उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला कळवला, आणि ते योग्यच केले. पण 1965, 1971 आणि 1999 च्या लढायांतूनही टिकलेला दोन्ही देशांचा स्थायी सिंधू आयोग नेमका याच कामासाठी होता. सांगली-कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. 2019 च्या महापुरानंतर कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीची पातळी यांचा ताळमेळ दोन राज्यांना पावसाळ्यात घालावा लागतो, राजकीय वाद कितीही असोत.

तेव्हा सरकारला विचारायचेच असेल तर हे विचारा: रावीच्या उपनदीवरचा उझ प्रकल्प कधी होणार? 36 लाख एकर-फुटांपैकी किती साठवण कोणत्या वर्षापर्यंत उभी राहील? पुन्हा वाटाघाटीला बसू तेव्हा गाळ काढण्याचा हक्क, हिमतलावांची माहिती आणि भूजल हे विषय मसुद्यात असतील का? आणि पंजाबातल्या भाताला मोफत वीज देऊन आपले भूजल आपणच संपवतो आहोत, त्याचे काय?